सहा खांब, सिंहाची तोंडं आणि उलटं लिहिलेलं साल

निपाणीच्या वाड्यातल्या घड्याळाचे तुम्ही पाठवलेले फोटो दोनदा बघितले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पणजोबांच्या तंबाखूच्या पेढीत हे घड्याळ होतं, आता दिवाणखान्यातल्या फळीवर आहे. काळंकुळीत, दगडासारखं. पुढे सहा खांब, दोन्ही बाजूंना सिंहाची तोंडं, तोंडात कड्या. एक दलाल बघून गेला आणि म्हणाला, फ्रेंच संगमरवर, नेपोलियनच्या वेळचं, दोनशे वर्षांचं. तुमचा मुलगा म्हणतो, डुप्लिकेट आहे, वर प्लॅस्टिक चिकटवलंय. घड्याळ तीनला सात टोल देतं, चारला आठ. आणि पॉलिश करून घ्यावं का, हा शेवटचा प्रश्न.

आधी दलालाचं बघू. हे घड्याळ त्याने पुढून बघितलं. ग्रीक देवळासारखे खांब, वर त्रिकोणी नसला तरी सपाट कंगोऱ्याचा माथा, सिंहाची तोंडं, पंजाच्या आकाराचे पाय. हे सगळं बघून माणसाला राजा-बादशहा आठवतात, यात त्याचा फारसा दोष नाही. पण घड्याळाची पेटी तुम्हाला तिचं वय सांगत नाही. पेटी सांगते ती फक्त हौस: घेणाऱ्याला कुठला काळ आवडत होता, ती. एकोणिसाव्या शतकात अख्ख्या युरोप-अमेरिकेला जुन्या काळांचं वेड लागलं होतं. कुणाला ग्रीक देऊळ हवं, कुणाला मध्ययुगातलं टोकदार कमानींचं चर्च, कुणाला फ्रान्सच्या लुई राजांच्या महालातली वेलबुट्टी. नेपोलियन १७९८ साली इजिप्तवर चालून गेला, तेव्हापासून स्फिंक्स (माणसाच्या तोंडाचा सिंह) आणि ओबेलिस्कही (निमुळता दगडी खांब) दिवाणखान्यात आले. यालाच रिव्हायव्हल म्हणजे पुनरुज्जीवनाची शैली म्हणतात. जुनं रूप आणि नवा माल.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मुंबईचं व्हीटी स्टेशन १८८८ साली पुरं झालं, तेव्हा त्याच्या टोकदार कमानींची मूळ धाटणी सहा-सातशे वर्षं जुनी होती. म्हणून कुणी व्हीटीला सहाशे वर्षांचं म्हणत नाही, आणि नकलीही म्हणत नाही. आमच्या बेळगावच्या कॅम्पातली चर्चं बघा, तीच गोष्ट. एवढं कशाला, गणपतीत आमच्या गल्ल्यांमधून कापड-प्लायवूडचे राजवाडे उभे राहतात. बघायला आलेला माणूस 'काय मस्त केलंय ओ' म्हणतो, 'हा खरा राजवाडा नव्हे' असं कुणी सांगत बसत नाही.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, तुम्ही गेला असाल. तिथले काळ्या दगडाचे खांब छत उचलून उभे आहेत, आठशे वर्षं. आता तुमच्या घड्याळाचा एक खांब मागच्या बाजूने हळूच हलवून बघा. तो लाकडाचा असेल, वरून रंगरूप चढवलेला, आणि त्याच्यावर कसलाही भार नसेल. सहाच्या सहा काढले तरी माथा खाली यायचा नाही. रिव्हायव्हल म्हणजे नेमकं काय, हे मला पुस्तकातून नव्हे, असा एक खांब हातात निघून आला तेव्हा कळलं.

आता मुलाचं. प्लॅस्टिक म्हणाला तो, आणि पोरगं हुशार आहे, कारण ते खरोखरच प्लॅस्टिकच्या घराण्यातलं आहे. फक्त हे प्लॅस्टिक जवळजवळ सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं. फोटोंवरून मला ते सेठ थॉमस कंपनीचं 'अ‍ॅडमंटाइन' वाटतं. (सेठ हे आपल्याकडचं शेठजी नव्हे, त्या माणसाचं नावच सेठ. आमच्या बाजारातले जुने लोक मात्र अजून 'थॉमस शेठचं घड्याळ' म्हणतात आणि मी दुरुस्त करायला जात नाही.) अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात त्याचा कारखाना. तो १८५९ साली वारला आणि पुढे त्या गावालाच थॉमस्टन नाव पडलं. त्यामुळे आतल्या कागदी लेबलवर गावाचं नाव प्लिमथ हॉलो असेल तर घड्याळ आधीचं, थॉमस्टन असेल तर नंतरचं.

अ‍ॅडमंटाइन म्हणजे लाकडाच्या पेटीवर चिकटवलेला सेल्युलॉइडचा, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या प्लॅस्टिकचा, पातळ पत्रा. सेल्युलॉइड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने त्याचं पेटंट ७ सप्टेंबर १८८० रोजी घेतलं आणि सेठ थॉमसने १८८१ मध्ये तो वापरायचा हक्क विकत घेतला. काळ्या दगडासारखा, हिरव्या-तपकिरी संगमरवरासारखा, अगदी लाकडासारखासुद्धा तो करता येत असे. खऱ्या काळ्या दगडाची घड्याळं त्या काळी फ्रान्समधून यायची. दोन माणसांनी उचलायची वजनं ती, आणि किंमतही तशीच. अमेरिकन कारखानदाराने विचार केला, रूप तेच देऊ, वजन आणि दाम उतरवू. म्हणजे पेटीने ग्रीकांची नक्कल केली आणि पत्र्याने फ्रेंचांची. तरीही ही फसवणूक नव्हती. कारखाना ते 'अ‍ॅडमंटाइन' म्हणूनच विकत होता, आणि पेटीच्या बुडाला किंवा पाठीला तसं लेबलही लावत होता. फसवणूक सुरू होते ती शंभर वर्षांनी कुणी त्याला संगमरवर म्हणू लागतं तेव्हा.

दगड की पत्रा, हे घरच्या घरी कळतं. पेटीला हाताचा पालथा भाग लावा. दगड थंड लागतो आणि बराच वेळ थंडच राहतो. बोटाने टकटक करा, लाकूड पोकळ बोलतं. लोहचुंबक लावून बघा, कारण अ‍ॅन्सोनियासारख्या कंपन्यांनी काळ्या इनॅमलच्या लोखंडी पेट्याही काढल्या होत्या आणि त्या लांबून अगदी दगडासारख्या दिसतात. तिन्हींतून निकाल लागला नाही तर मागचा एखादा न दिसणारा कोपरा कोरड्या फडक्याने जोरात घासा, ऊब येईपर्यंत, आणि लगेच नाक लावा. देवघरातल्या कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. ते बनवायला कापूरच लागायचा. तापवलेली सुई लावून बघा असं कुणी सांगेल, ते मात्र चुकूनही करू नका. कापूर जसा भसकन पेट घेतो तसाच हा पत्राही घेतो. याच कारणासाठी फळीवर समई, उदबत्ती, निरांजन यांच्यापासून घड्याळ दूर ठेवा. फोटोत उजवीकडे उदबत्तीचं घर दिसतंय, ते आजच हलवा.

वय काढायचं तर आता घड्याळ उलटं करायला हवं. म्हणजे शब्दशः. लंबक आधी काढून घ्या, मग पेटी गादीवर आडवी करा आणि बुडाला, पाठीला शाईचा किंवा ठशाचा आकडा शोधा. सेठ थॉमसची एक गमतीची पद्धत होती, साधारण १८८१ पासून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत: साल उलटं छापायचे आणि पुढे महिन्याचं अक्षर. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. '४०९१ बी' असं दिसलं तर तो मॉडेल नंबर नव्हे, उलटा वाचा: १९०४, फेब्रुवारी. माझ्याकडे आलेल्या एका गिऱ्हाइकाने असाच आकडा सरळ वाचून 'इसवी सन चार हजार कसं होईल, म्हणून मी सोडून दिलं' असं सांगितलं होतं. यंत्राच्या पितळी पाट्यांवरही कधीकधी तारीख कोरलेली असते, पण ती पेटंटची तारीख, घड्याळ बनल्याची नव्हे. पेटंट घेतल्यावर वीस-वीस वर्षं तेच यंत्र निघत असे. फ्रेंच यंत्रांवर गोल शिक्क्यात पदकाचं साल असतं, तेही प्रदर्शनात पदक मिळाल्याचं साल. या दोन तारखांनी जितकी घड्याळं म्हातारी केली तितकी काळानेही केली नसतील.

तबकडीवर 'मेड इन जर्मनी' किंवा असं काही असेल तर आणखी एक खूण मिळते. ब्रिटनने १८८७ साली आणि इथल्या सरकारने १८८९ साली मालावरच्या खुणांचे कायदे केले, त्यानंतर परदेशी मालावर देशाचं नाव छापण्याची रीत पक्की झाली. त्यामुळे देशाचं नाव असलेलं जर्मन घड्याळ बहुधा त्यानंतरचं.

तुमचं घड्याळ माझ्या अंदाजाने १८८१ ते १९१० च्या दरम्यानचं. बुडाचा आकडा सापडला की महिन्यासकट कळेल. नेपोलियन १८२१ साली वारला होता. दोनशे वर्षं नाहीत, पण पणजोबांच्या पेढीशी ते बरोबर जुळतं. १८८०च्या दशकाच्या अखेरीस बेळगावला रेल्वे आली, मुंबई बंदरात उतरलेला असला माल मग आमच्या बाजारापर्यंत सहज येऊ लागला. माझे उस्ताद सांगायचे की कॅम्पातल्या साहेबांच्या बदल्या झाल्या की सामानाचे लिलाव व्हायचे आणि तिथून कितीतरी घड्याळं शहापूर, निपाणी, संकेश्वरच्या व्यापाऱ्यांकडे गेली. तुमचं कुठल्या वाटेने आलं ते तुमच्या चोपड्यांतच मिळालं तर मिळेल. पेढीच्या जुन्या वह्या असतील तर चाळा. घड्याळाच्या खरेदीची एक ओळ सापडली तर ती दलालाच्या सगळ्या बोलण्यापेक्षा मोलाची.

एक गोष्ट सांगायला हवी, कारण दलाल परत येणार आहे. ही घड्याळं दुर्मीळ नाहीत. कारखान्यांनी लाखांनी काढली. त्याचं मूळ बरंच मागे आहे: ईलाय टेरी नावाच्या अमेरिकन कारागिराने १८०७ च्या सुमारास चार हजार लाकडी यंत्रांचं कंत्राट घेतलं आणि सगळे भाग एकाच मापाचे करून तीन वर्षांत पुरं केलं. तोवर एकेक घड्याळ हाताने घडायचं. पुढे चॉन्सी जेरोम या तिथल्याच कारखानदाराने स्वस्त पितळी यंत्रं काढली आणि १८४२ मध्ये इंग्लंडला पाठवली. तिथल्या जकातवाल्यांना वाटलं, जकात चुकवायला किंमत कमी लिहिलीय. त्यांनी कायद्याप्रमाणे लिहिलेल्या किमतीला सगळा माल स्वतःच उचलला. जेरोमला रोख पैसे मिळाले, त्याने लगेच दुसरी खेप पाठवली, तीही त्यांनी उचलली. खरं काय ते त्यांच्या ध्यानात आलं तिसऱ्या खेपेला. तर सांगायचं हे की आतलं यंत्र एकच, आणि बाहेर गिऱ्हाइकाला पाहिजे तो पोशाख: चर्चच्या शिखराचा, देवळाचा, वेलबुट्टीचा. म्हणून विकायचं असेल तर 'ग्रीक शैली' या शब्दावर भाव वाढवून घेऊ नका आणि 'प्लॅस्टिक' या शब्दावर पाडूनही देऊ नका. भाव ठरतो तो यंत्र मूळचं आहे का, तबकडी मूळची आहे का, पत्रा किती शाबूत आहे यावर. बाजारात आज जोडून केलेली घड्याळं फार फिरतात: जुनं यंत्र, नवी पेटी, काल छापलेली तबकडी. पेटीच्या आत यंत्राच्या स्क्रूंशेजारी रिकामी भोकं दिसली तर समजावं की तिथे आधी कुणी दुसरंच राहत होतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत तसं काही दिसत नाही.

परदेशातला कुणी नातेवाईक नेतो म्हणत असेल तर सावध. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या कलाकुसरीच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. आधी पुरातत्त्व खात्याला दाखवून घ्या.

टोलांकडे वळतो, कारण मला खरा रस तिथेच आहे. तुमचं घड्याळ तीनला सात आणि चारला आठ देतं, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. म्हणजे ते बिघडलेलं नाही, फक्त चुकलेलं आहे. या यंत्रात एक मोजणीचं चाक असतं. त्याच्या कडेला खाचा, एकापेक्षा दुसरीतलं अंतर वाढत जाणारं. एक पाते खाचेत पडेपर्यंत हातोडी मारत राहते. एक, मग दोन, मग तीन, असं बारापर्यंत, आणि बारा तासांत तासांचे अठ्ठ्याहत्तर ठोके पुरे, अर्ध्या तासांचे वेगळे. गंमत अशी की या चाकाला काटे कुठे आहेत याचा पत्ताच नसतो. ते आपलं पुढचा आकडा मारतं, शाळेतल्या पोराने पाढे घोकावेत तसं. टोलाची चावी संपली आणि वेळेची चालू राहिली, किंवा कुणी काटे मागे फिरवले, की दोघांची फारकत. तबकडीवर चावीची दोन भोकं आहेत, त्यातलं डावीकडचं बहुधा टोलाचं. घरात कुणीतरी नुसतं उजवीकडचंच भरत असणार. बेळगाव भागातलं माझं निम्मं गिऱ्हाईक याच तक्रारीचं. 'तीनला सात मारूलालंय ओ' म्हणत मराठी माणूस येतो, गोकाककडचा येतो तो 'गडियार निंतैत्री' म्हणतो, आणि त्याचं खरंच थांबलेलं असतं.

उपाय तुम्हीच करा. दोन्ही चाव्या भरा. मिनिटकाटा पुढे नेत बारावर आणा, टोल पुरे होऊ द्या आणि मोजा. सात झाले? मग तासकाटा, म्हणजे आखूड काटा, मुळाशी धरून हलकेच सातवर सरकवा. तो नुसता दाबून बसवलेला असतो, सरकतो. मग मिनिटकाटा पुढेच फिरवत खऱ्या वेळेपर्यंत आणा, वाटेतल्या प्रत्येक तासाला आणि अर्ध्या तासाला थांबून टोल संपू द्यायचे. कंटाळवाणं काम आहे, रविवारी दुपारी करा. मागे फिरवायचं नाही.

वेळ पुढेमागे होत असेल तर लंबकाचा गोळा वर घेतला की घड्याळ पळतं, खाली केला की रेंगाळतं. काही तबकड्यांवर बाराच्या वर एक बारीक चौकोनी खिळा असतो, चावीचं दुसरं लहान टोक त्यासाठीच. अमेरिकन घड्याळावर तिथे एस आणि एफ अशी अक्षरं असतील: एस म्हणजे सावकाश, एफ म्हणजे भरभर. आणि टिकटिक ऐका. ती लंगडी असेल, 'टिक-टॉक… टिक-टॉक' अशी, तर फळी तिरकी आहे. एका पायाखाली पोस्टकार्डाची घडी सरकवत ऐकत राहा, सम चाल आली की तिथेच सोडा.

तेल घालू नका. विशेषतः खोबरेल. खानापूरकडच्या एका घरातलं घड्याळ दर मार्गशीर्षात सकाळी बंद पडायचं आणि दुपारी आपोआप सुरू व्हायचं. घरात त्याला करणी वगैरे नावं ठेवून झाली होती. उघडलं तर प्रत्येक बुशात, म्हणजे चाकांचे आस फिरतात त्या भोकांत, खोबरेल. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, ऊन चढलं की वितळतं. रॉकेलमध्ये यंत्र बुडवून काढणारेही आहेत, तेही नको. यंत्र उघडायचा मोह तर मुळीच नको: आतली स्प्रिंग डबीत बंद नसते, उघडी असते, आणि भरलेली सुटली तर बोट फोडते. माझ्या डाव्या अंगठ्यावर खूण आहे.

पॉलिशचं उत्तर नाही असंच आहे. पंचवीस वर्षांचा होतो तेव्हा एका व्यापाऱ्याचं असंच काळं घड्याळ मी स्पिरिट-लाखेच्या पॉलिशने चमकवायला घेतलं होतं. मला वाटलं लाकूड आहे. फडकं दुसऱ्यांदा फिरवलं तर काळा पत्रा चिकट होऊन फडक्यालाच आला. त्या गृहस्थांनी पैसे मागितले नाहीत, पण नंतर कधी दुकानातही आले नाहीत. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिशचं पाणी, काहीही लावू नका. किंचित ओलसर मऊ फडकं, साबणाचा अगदी थेंब, आणि लगेच कोरडं. सिंहाची तोंडं पितळेची दिसतात पण पितळेची नाहीत. जस्ताची ओतीव, वर सोनेरी मुलामा. खंडेनवमीला घरातली सगळी पितळी भांडी चिंचेने घासली जातात, त्यात हे सिंहही घासले जातात, आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात राखाडी तोंडाचे सिंह माझ्या टेबलावर येतात. गेलेला मुलामा मला परत देता येतो, पण मग तो माझा मुलामा असतो, कारखान्याचा नव्हे.

पावसाळ्यात आमच्याकडची हवा पिऊन लाकूड फुगतं, सरस सैल होतो आणि पत्र्याची कडा उठते. उठलेली कडा दाबून आपटून बसवू नका, तिथून तडकते. आतलं कागदी लेबल कसरीने खाल्लं नसेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा.

बेळगावला आणायचं ठरवलंत तर एसटीने आणलंत तरी चालेल, पण लंबक काढून जुन्या धोतरात गुंडाळून वेगळा ठेवा, घड्याळ मांडीवर घ्या, आणि चाव्या भरू नका, जेवढी उतरलेली असेल तेवढी बरी. बुडाचा आकडा मात्र त्याआधी घरीच बघा. तो वाचताना मुलाला शेजारी बसवा, उलटा वाचायची गंमत त्याला आवडेल.